अठ्ठ्याऐंशी पॉइंट चार

१

तुरारच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या दहा व्यायामसायकलींपैकी नऊ मुळात बिघडलेल्याच नसत. कुठे चाकावरचा चुंबक सरकलेला, कुठे वायर निघालेली, कुठे मालकाने बॅटरी उलटी बसवलेली. तो चुंबक सेन्सरपासून तीन मिलिमीटरवर आणायचा, चाकाला हाताने एक झटका द्यायचा आणि काचेवर आकडे उमटले की गिऱ्हाइकाकडे बघून मान डोलवायचा. शाळेत पोरांना शिकवण्यापेक्षा हे काम बरं. यंत्रांना आया नसतात.

त्या शुक्रवारी सकाळी ओस्पान आपल्या व्यायामशाळेतली एक सायकल घेऊन आला होता. पोट सांभाळत तो स्टुलावर बसला.

"आगाय, हे यंत्र माझ्यावर जळतं," तो म्हणाला. तुरारने प्रशिक्षकपद सोडून तीन वर्षं झाली, तरी गाव त्याला अजून आगायच म्हणे. "अर्धा तास दामटली, शर्ट पिळून काढला, आणि हे म्हणतं चार किलोमीटर. लबाड आहे."

"यंत्र लबाड नसतं. चुंबक सेन्सरसमोरून एकदा गेला की एक फेरा. फेरे गुणिले चाकाचा घेर, झालं अंतर. लबाडी करायला यात जागा कुठे आहे?"

"मग हे माझ्या बायकोला येऊन सांगा. तिला वाटतं, मी वर बसून खिम्याच्या मांती हाणतो."

जागा होती. तुरारइतकी ती कोणालाच ठाऊक नव्हती. चाकाचा घेर किती, हे त्या यंत्राला माणूसच सांगतो. रेसच्या सायकलीचं चाक एका फेऱ्यात दोन हजार शहाण्णव मिलिमीटर जातं. तुरार आपल्या बाराही पोरांच्या सायकलींत अठराशे शहाऐंशी घालायचा. पोरांना काचेवर नव्वद दिसत तेव्हा पाय शंभर मारून झालेले असत. ज्याने नकळत शंभर मारले तो शर्यतीत शंभराला भीत नाही, असा त्याचा हिशेब. पदकंही येत. त्या पदकांवर क्रीडाशाळेचे साहेब खूश होते आणि तुरारही.

फोन वाजला. पलीकडचा आवाज त्याने तीन वर्षं टाळला होता, पण ओळखायला त्याला अर्धा क्षण पुरला.

"आगाय, मी कुल्याश. आल्दियारची आई. त्याच्या सायकलीवरचं ते घड्याळ आहे ना, किलोमीटरचं? ते बिघडलंय. गावात दुसऱ्या कोणाला दाखवणार? तुम्हीच बसवलं होतंत."

"काय झालंय त्याला?"

"चालतंय," ती म्हणाली. "पुढे पुढे चाललंय. आता सत्त्याण्णवच्या वर गेलंय."

तुरारने हातातला चुंबक खाली ठेवला. "उद्या येतो, आपाय."

"आजच या. आज जुम्मा आहे. ते जुम्म्यालाच चालतं."

२

आल्दियार सतरा वर्षांचा होता. त्याच्या हृदयाच्या ठोक्यात जरा खरखर होती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, दिवसाला नव्वद किलोमीटर, एक चाक जास्त नाही. निदान त्याच्या एकट्याच्या सायकलीत तरी खरा घेर घालायचा होता. तुरारने घातला नाही. त्या संध्याकाळी बारा यंत्रं एकापाठोपाठ एक बसवताना विसरलो, असं तो स्वतःला सांगत आला होता. खरं म्हणजे तो विसरला नव्हता. पोरगा सगळ्यांत वेगवान होता आणि ते वाया जाऊ द्यायचं तुरारच्या जिवावर आलं होतं.

धरणाभोवतीच्या रस्त्याची आठवी फेरी संपत आली असताना, पंपघरासमोर आल्दियार सायकलीवरून आडवा झाला तो उठलाच नाही. काचेवर ८८.४ होते. चौकशीला आलेल्यांनी तो आकडा लिहून घेतला. नव्वदच्या आत. कोणाचा दोष नाही. मातीच्या वेळी तुरारनेच कुल्याशला सांगितलं होतं, "आपाय, मर्यादा त्याने मोडली नाही, मीही मोडू दिली नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

तिने मान हलवली होती. ती रडलीसुद्धा नव्हती, आणि त्याला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं.

पण अठराशे शहाऐंशी हा आकडा अजून त्या यंत्राच्या पोटात होता. बटण तीन सेकंद दाबून धरलं की काचेवर येणार. इतक्या वर्षांत कोणी दाबलं नव्हतं. आज आपणच दाबू, पुसून टाकू, आणि हा विषय एकदाचा मिटेल, असा विचार करत तुरारने स्क्रू-ड्रायव्हर आणि नवी बॅटरी खिशात टाकली. चोराच्या मनात चांदणं असतं. त्याच्या मनात भर दुपारचं ऊन होतं.

राहिला प्रश्न आकडा सरकण्याचा. बिनवायरची यंत्रं काहीही पकडतात. ट्यूबलाइट, लिफ्टची मोटर, शेजाऱ्याचं इंटरनेट. वाटेत त्याने ही सगळी कारणं दोनदा मोजली. पंपघरापर्यंतचं खरं अंतर अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन होतं. तो हिशेब तुरारने एकदाच केला होता आणि नंतर कधी विसरू शकला नव्हता.

३

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कढलेल्या तेलाचा वास भरला होता. कुल्याश शुक्रवारचे सात शेल्पेक तळत होती. मेलेल्यांना ताटातलं काही पोचत नाही, तळणाचा वास तेवढा पोचतो, म्हणून दर जुम्म्याला प्रत्येक घरात या पातळ पोळ्या तेलात पडतात. खिडकी तिने नोव्हेंबरच्या थंडीतही उघडी ठेवली होती.

"या. चपला राहू द्या तिथेच. वाळलात हो."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"गुडघे गेले. आयुष्यभर रस्ते चालले, त्याची परतफेड." रस्तेखात्यात ती तीस वर्षं नोकरीला होती. तुरारच्या समजुतीने ती तिथे कारकून होती. "डॉक्टर म्हणाले सायकल मारा. म्हटलं, घरात आहे की एक."

ती त्याला पोराच्या खोलीत घेऊन गेली. खोली होती तशी ठेवली होती. पलंग, भिंतीवर तीन पदकं, खिळ्याला लटकवलेला नाडी मोजायचा छातीचा पट्टा. मधोमध सायकल. तिचं मागचं चाक एका लोखंडी स्टँडच्या रोलरवर चढवलेलं, म्हणजे जागच्या जागी मारता येईल असं. पुढचं चाक जमिनीवरच्या प्लॅस्टिकच्या खाचेत घट्ट रुतवलेलं.

तुरारचं लक्ष आधी तिकडेच गेलं. सेन्सर पुढच्या चाकाला होता.

"आपाय, हे मोजूच शकत नाही," तो जवळजवळ आनंदाने म्हणाला. "तुम्ही पायडल मारता ते मागचं चाक फिरतं. पुढचं तर अडकवलंय. व्यायामाला वापरायचं तर सेन्सर मागे न्यावा लागतो. हे सगळेच विसरतात."

"मला ठाऊक आहे," कुल्याश म्हणाली. "मी बसते तेव्हा ते मोजत नाही. मी तळायला उभी राहिले की मोजतं."

तो खाली वाकला. काच काळी होती. यंत्र झोपलेलं. त्याने बोटाने टिचकी मारली तसा आकडा उजळला. ९७.३.

"दहा जुम्मे झाले," ती दारातून म्हणाली. "दर वेळी किलोमीटरभर. कधी थोडं कमी. मग थांबतं. दम लागल्यासारखं."

"लहरी पकडत असेल. तुमचा फ्रिज कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. तीन वर्षं तिथेच आहे."

४

कुल्याश पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तेलात पोळी पडल्याचा चर्र आवाज आला. तुरारने दार हलकेच लोटलं, गुडघ्यावर बसला आणि बटण दाबून धरलं. एक. दोन. तीन.

काचेवर आकडा आला. २०९६.

त्याने बटण सोडलं, काच पूर्ववत होऊ दिली आणि पुन्हा दाबलं. २०९६. चाकाचा खरा घेर, जो त्याने या सायकलीत कधी घातलाच नव्हता.

बॅटरी कमी झाली की काही यंत्रं आपोआप मूळ आकड्यावर येतात, त्याने स्वतःला समजावलं. असेल. तसंच असेल. उलट हे बरंच झालं, त्याच्या वाट्याचं काम यंत्रानेच केलं. आता पुरावा कसलाच नाही. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बॅटरी संपून सगळं पुसलं गेलं असतं तर मोजणी ८८.४ पासून पुढे कशी गेली असती?

तेवढ्यात टिक असा आवाज आला.

अगदी बारीक. सेन्सरमधली पत्ती चुंबकाने ओढली की होतो तसा. दुकानात तो दिवसातून शंभरदा ऐकत असे. तुरारने चाकाकडे पाहिलं. चाक खाचेत होतं, चुंबक वर, सेन्सर खाली, दोघांत हातभर अंतर.

टिक.

भिंतीवरचे हिटरचे पाइप तापले की आवाज करतात. नोव्हेंबरात सगळ्या इमारती कुरकुरतात. त्याने पाइपाला हात लावून पाहिला. गार होता. उघड्या खिडकीतून थंडी येत होती.

टिक. टिक. टिक.

काचेवर वेग उमटला. १३. मग १२. तुरारने ही गती हजारदा पाहिली होती. चढावर पोरं जेव्हा मान खाली घालतात आणि फक्त पुढचं चाक बघत राहतात, तेव्हा असा वेग असतो. ९७.३ चे ९७.४ झाले. कोपऱ्यात एक छोटं हृदय लुकलुकायला लागलं आणि त्याच्या बाजूला आकडा आला. १७९.

तो नाडीचा आकडा होता. पट्टा छातीला बांधल्याशिवाय येत नाही.

पट्टा खिळ्याला लटकत होता. स्वयंपाकघरातली वाफ, त्याला सुचलं. पट्ट्याने ओल धरली की तो चुकीचा संदेश पाठवतो. ओलीवरच चालतो तो. तुरार उठला आणि पट्ट्याला हात लावला. पट्टा ओला होता खरा. पण वाफेने कापड असं गरम होत नाही. त्याने बोटं नाकाशी नेली आणि लगेच पँटला पुसली. घामाचा वास होता, पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीतला.

५

"चहा घ्या," मागून कुल्याश म्हणाली.

तिच्या हातात ट्रे होता. दुधाचा चहा, आणि कापडाखाली सात शेल्पेक. तिने ट्रे पलंगावर ठेवला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली. गुडघे चोळत. काचेकडे तिने नुसतं एकदा पाहिलं, दूध उतू जातंय का बघावं तसं.

"चालू झालं का?"

"आपाय, हे बंद करून टाकू. बॅटरी काढतो. जुनं यंत्र आहे, त्याचं डोकं फिरलंय."

"काढा की."

त्याने यंत्र फिरवून खोबणीतून सोडवलं, झाकण उघडलं, बॅटरी तळहातावर घेतली. काच काळी झाली. टिक टिक मात्र थांबली नाही. दोघं ऐकत बसले. त्याला ते सहन होईना. न दिसता चाललेलं दिसत चाललेल्यापेक्षा वाईट होतं. त्याने बॅटरी परत बसवली, यंत्र जागेवर लावलं. ९७.८. नाडी १८६.

"अजून किती आहे, आगाय?" कुल्याशने विचारलं. "तुम्हाला ठाऊक असेल."

"मला काय ठाऊक?"

"त्या दिवशी तो किती चालवून पडला?"

"सांगितलं होतं तुम्हाला. अठ्ठ्याऐंशी पॉइंट चार. कागदावर आहे."

"कागदावर आहे," ती म्हणाली. तिने कापड बाजूला केलं. "अन्नावर हात ठेवून सांगा. मग मी परत कधी विचारणार नाही. तुम्हाला हाकही मारणार नाही."

त्या मुलखात लोक कशाचीही खोटी शपथ घेतात, पोराबाळांचीसुद्धा, पण भाकरीची घेत नाहीत. भाकरी मारते म्हणतात. तुरार म्हाताऱ्यांच्या असल्या गोष्टींना हसणारा माणूस होता. त्याला वाटलं, दोन शब्दांचं काम आहे. दोन शब्द टाकले की ही बाई, हे घर, ही टिकटिक, सगळं मागे पडेल. खरं बोलण्याची ती शेवटची संधी होती हे त्याला तेव्हाही कळत होतं. ती त्याने घालवली, आणि घालवताना त्याचा आवाजही कापला नाही.

त्याने वरच्या शेल्पेकवर हात ठेवला. तो गरम होता.

"नव्वदच्या आत होता. खोटं असेल तर हीच भाकरी मला मारो."

"खा मग," कुल्याश म्हणाली. "न खाता आमच्या दारातून कोणी जात नाही."

त्याने तुकडा तोडून तोंडात घातला.

६

"कारकून नव्हते मी रस्तेखात्यात," ती सायकलीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज शांत होता, एखाद्याला पत्ता सांगावा तसा. "मोजणीवर होते. दांड्याला चाक असतं, ते ढकलत चालायचं. एवढे रस्ते मोजले मी. तीस वर्षं. चाकाचा घेर एक बोट कमी धरला की रस्ता कमी भरतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. ऑगस्टात खात्याचं चाक मागून आणलं आणि धरणाभोवती चालले. हे गुडघे घेऊन. आठ फेऱ्या पंपघरापर्यंत किती होतात ते काढलं. मग घरी येऊन हे बटण दाबलं. तुमचा आकडा बघितला."

तुरारने चावायचा प्रयत्न केला. तुकडा तोंडात फुगल्यासारखा झाला होता.

"चौकशीवाल्यांकडे जाणार होते," ती म्हणाली. "गेले नाही. म्हटलं, माणूस आहे, बोलावलं की सांगेल स्वतःहून. म्हणून आधी तुमचा आकडा पुसला आणि खरा घातला. एवढंच केलं मी. त्याच्यापुढे मी हात लावलेला नाही. पुढचं मला विचारू नका."

९८.०.

वेग ९ वर आला. मग ८. नाडी १९३. तुरारची नजर काचेवरून खाली घसरली आणि पुढच्या टायरवर अडकली. तिथे ती जायला नको होती. आयुष्यभर टायर दाबून बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रिकाम्या सायकलीचं टायर तळाशी गोल राहतं. हे तळाशी चपटं झालं होतं, दोन्ही बाजूंना फुगलं होतं, वर कोणी पूर्ण वजन टाकून वाकलेलं असावं तितकं. हँडलवरची पट्टी दोन जागी खोलवर दबली होती.

९८.१.

"आगाय," कुल्याश हळूच म्हणाली, "त्याला निदान थांब म्हणा. तुमचंच ऐकायचा तो."

त्याला म्हणायचं होतं. त्या क्षणी त्याला खरोखर म्हणायचं होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा. थांब बाळा, उतर, झाले नव्वद केव्हाच. पण तोंडात भाकरी होती. ती गिळली जात नव्हती, आणि भाकरी थुंकणं ज्या घरात पाप आहे त्या घरात तो जन्मला होता. त्याच्या घशातून नुसता एक ओला आवाज निघाला.

९८.२.

टिक टिक थांबली. नाडीच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. टायर सावकाश वर उठलं आणि परत गोल झालं. बिचारं पोरगं पोचलं होतं, आणि पोचल्याचं बघायला खोलीत दोनच माणसं होती.

कुल्याशने डोळे पुसले. मातीच्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते ती आता रडली, आवाज न करता, कमरेला बांधलेल्या हातपुसण्याने. मग उठली आणि खिडकी लावून घेतली.

तुरारही उठला. जावं. नुसतं जावं. खाली ऊन होतं, बस होती, ओस्पानची सायकल दुकानात वाट बघत होती. तो दाराशी पोचला तेव्हा मागे टिक झालं.

काचेवर ०.० होते. मग ०.१. हृदय परत लुकलुकत होतं. ११६. ११९.

त्याने नकळत डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पलंगामागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. प्रशिक्षकाची जुनी सवय. पंधरा सेकंदांत तीस ठोके. म्हणजे एकशे वीस. काचेवर १२० आले.

कुल्याशनेही ते पाहिलं. ती सायकलीपाशी गेली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बटणावर बोट दाबून धरलं. एक. दोन. तीन.

"तुमच्यासाठी कोणता घेर घालू, आगाय?" तिने विचारलं. "खरा, की तुमचा?"

तुकडा अजून त्याच्या तोंडात होता. तो दारातच उभा होता, आणि ती उत्तराची वाट बघत राहिली.